इंजिन अर्ध्या फेऱ्यात अडते, दोष मात्र बॅटरीला! मोवरविषयी वाचकांचे प्रश्न

बसून चालवायच्या लॉन मोवरबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच: सुरू होत नाही. पण 'सुरू होत नाही' एवढ्यावरून निदान होत नाही. किल्ली फिरवल्यावर अजिबात आवाज नाही, नुसता 'टक्' आवाज, इंजिन थोडे फिरून अडणे, किंवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) छान फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हे चार वेगळे रोग आहेत. म्हणून पत्रांची मांडणी त्यानुसार केली आहे. पात्याखाली किंवा यंत्राखाली हात घालण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा आणि सगळ्या चाचण्या उघड्यावर, इंजिन थंड असताना करा.

प्रश्न : सीटखालच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक देऊन कार्बोरेटर मागवला. आलेला कार्बोरेटर बसतच नाही. चूक कुठे झाली?

सीटखालची पट्टी मोवरची आहे, इंजिनची नाही. तिच्यावरून पट्टे, पाती, स्विच, वायरिंग मागवायचे. इंजिन बहुधा दुसऱ्याच कंपनीचे असते आणि त्याचा क्रमांक इंजिनवरच असतो.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे पंख्यावरच्या पत्र्यावर किंवा हेड कव्हरजवळ ठोकलेले असतात. मॉडेल २८७७०७ असेल, तर सुरुवातीचा २८ म्हणजे २८ घन इंच, सुमारे ४६० सीसी. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख : ०४०५१२ ने सुरू होणारा कोड म्हणजे १२ मे २००४. कार्बोरेटर मागवताना घोटाळा होतो तो मधल्या टाइप क्रमांकाचा. मॉडेल तेच असूनही टाइपनुसार कार्बोरेटर वेगळा असू शकतो, म्हणून तिन्ही आकडे द्या. कोहलरवर मॉडेलसोबत 'स्पेक' क्रमांक महत्त्वाचा. कावासाकीवर एफआर६९१व्ही अशा नावापुढे डॅश देऊन लिहिलेली अक्षरे-आकडेही सोडू नका. आकडे दिसत नसतील तर रॉकेलचा बोळा फिरवा. गवताचा आणि ऑइलचा थर निघाला की बहुतेक वेळा खालून निघतात.

प्रश्न : किल्ली फिरवली की सीटखालून एकदाच 'टक्' येते. नवीन सेल्फ आणून बसवला, तरी तेच. आता काय बदलू?

आता काही बदलू नका, मल्टीमीटर घ्या. तो 'टक्' सोलेनॉइडचा आहे. किल्लीतून येणाऱ्या बारीक करंटवर बॅटरीचा जाड करंट सेल्फकडे सोडणे, एवढेच त्याचे काम. त्यावर दोन जाड बोल्ट असतात : एकावर बॅटरीची वायर, दुसऱ्यावर सेल्फची. शिवाय एक किंवा दोन बारीक टोके. एकच बारीक टोक असेल तर त्याचे अर्थिंग, म्हणजे करंट परतण्याची वाट, बॉडीतून जाते, म्हणजे त्याच्या बुडाखालचा गंज किंवा नवा रंगसुद्धा त्याला बंद पाडतो.

आधी बॅटरी. रात्रभर नुसती ठेवलेली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.० दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी आहे. मग दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून त्याच वेळी बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर व्होल्टेज पाहा. ते ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी भार घेत नाही, असे समजा (इंजिनच जाम असेल तरीही ते खाली जाते, पण ते पुढच्या उत्तरात). एकाऐवजी 'टकटकटक' अशी माळ लागत असेल, तर तेही बहुतेक वेळा खचलेल्या बॅटरीचेच लक्षण.

'टक्' झाली आणि व्होल्टेज १२ च्या वरच राहिले, तर करंट वाटेत अडतो आहे. मल्टीमीटरची एक पिन सोलेनॉइडच्या एका जाड बोल्टवर, दुसरी दुसऱ्यावर ठेवा. किल्ली फिरवल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत आला पाहिजे. १२ तसाच राहिला, तर आतले संपर्क जळले, सोलेनॉइड बदला. तो निर्दोष निघाला तर एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशावर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थची वायर चॅसिसला जोडलेली जागा गंजली आहे. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने धातू उघडा करा, परत घट्ट आवळा. बिनखर्चाचा उपाय आहे, आणि नेमका तोच शेवटी सुचतो.

पान्याने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवायची युक्ती सर्रास सांगितली जाते. त्यात सगळे सेफ्टी स्विच वगळले जातात. गिअर पडलेला असेल तर यंत्र तुमच्याच अंगावर येईल. आणि चालू असलेल्या मोटारीची बॅटरी जोडून मोवर सुरू करू नका. त्या घाईत वायर उलट्या लागल्या, तर चार्जिंगचा रेग्युलेटर गेलाच.

प्रश्न : इंजिन अर्धा फेरा फिरते आणि भिंतीला आदळल्यासारखे थांबते. परत किल्ली फिरवली की कधीकधी पुढे जाते. बॅटरी नवी, सेल्फ नवा, अर्थ साफ. एक सिलिंडरचे ब्रिग्ज इंजिन आहे.

दोन्ही सुटे भाग फुकट गेले असण्याची दाट शक्यता आहे. अर्ध्या फेऱ्यात अडणाऱ्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सैल झाले असतील, ही शंका सर्वात आधी घ्यावी.

कारण असे. एवढ्या मोठ्या सिलिंडरचे पूर्ण कॉम्प्रेशन मोवरचा छोटा सेल्फ ओलांडू शकत नाही. म्हणून कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एका उंचवट्याची अशी सोय असते, की इंजिन सावकाश फिरताना एक व्हॉल्व्ह कॉम्प्रेशनच्या वेळी केसभर उघडा राहतो आणि थोडी हवा निसटते. इंजिन वेग घेते तेव्हा ही सोय निरुपद्रवी होते. पण तो उंचवटा फारच थोडा असतो. झिजून टॅपेटचा गॅप वाढला की उंचवट्याची उचल गॅपमध्येच संपते, व्हॉल्व्ह उघडत नाही आणि सेल्फ कॉम्प्रेशनवर आपटतो.

खात्री करा : प्लग काढा, त्याची वायर धातूला लावून ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन गरागरा फिरले तर बॅटरी, सेल्फ, सोलेनॉइड सगळे ठीक. तेव्हा प्लगच्या भोकातून पेट्रोल उडाले, तर मात्र कारण निराळे आहे. शेवटचे उत्तर वाचा.

सेटिंग थंड इंजिनवरच करायचे. हेड कव्हर काढा. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी सोडा आणि पंख्याकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने इंजिन हाताने फिरवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन अगदी वर आला, की तिथे थांबू नका. तो ६ मिलिमीटर खाली जाईल इतके पुढे फिरवा. बहुतेकांची चूक इथेच होते. पिस्टन ऐन वर असताना मोजले तर कॅमचा तो उंचवटाच मापात येतो आणि गॅप चुकीचा बसतो. ब्रिग्जच्या 'इंटेक' मालिकेतल्या एक सिलिंडरच्या ओएचव्ही (व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेल्या) इंजिनांत कार्बोरेटरकडच्या व्हॉल्व्हचा गॅप ०.००३ ते ०.००५ इंच, सायलेन्सरकडच्याचा ०.००५ ते ०.००७ इंच ठेवतात. फीलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना माप हलते. मग इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा एकदा मोजा.

माप बरोबर असूनही अडत असेल, तर पुशरॉड (कॅमची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी काडी) वाकला आहे का पाहा. तोही सरळ असेल तर कॅमवरची ती सोयच मोडली असावी, आणि मग इंजिन खोलण्याशिवाय इलाज नाही. कोहलरच्या कमांड मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे, टॅपेट असतात. तिथे सेट करायला काही नसते, तेव्हा उगाच हेड कव्हर खोलू नका.

प्रश्न : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. कार्बोरेटरच्या बुडाला वायर जोडलेला एक गोल डबा आहे, तो काय?

तो फ्युएल सोलेनॉइड. किल्ली चालू केली की त्याची पिन आत ओढली जाते आणि पेट्रोलची वाट मोकळी होते. बंद केली की जेट (पेट्रोलचे बारीक भोक) अडवला जातो, नाहीतर थांबत्या इंजिनातले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन धडाका होतो. किल्ली 'ऑन'वर नेताना तिथे बोट ठेवा, बारीक टिचकी जाणवली पाहिजे. नसेल तर वायरीत १२ व्होल्ट येतात का पाहा. येत असतील तर डबा गेला, नसतील तर वायर किंवा फ्यूज. पिन कापून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

पण डबा नंतर. आधी प्लग काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झाले आहे किंवा स्पार्क नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. कोरड्या प्लगचा पडताळा सोपा आहे : कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, पेट्रोल टाका, एअर फिल्टर परत बसवा आणि मग सेल्फ मारा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडले तर स्पार्क ठीक, दोष पेट्रोलच्या वाटेत. पेट्रोल फिल्टरवरचा बाण इंजिनकडे आहे का, क्रँककेसच्या हवेच्या ठोक्यांवर चालणाऱ्या पंपाची बारीक नळी चिरली आहे का, हे पाहून मग कार्बोरेटरची वाटी उघडा. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठे होते. तांब्याच्या वायरीची एक तार पुरे.

स्पार्कच नसेल तर मॅग्नेटो कॉइलला (स्पार्क तयार करणाऱ्या गुंडाळीला) जोडलेली बारीक वायर काढून परत पाहा. ती वायर धातूला टेकली की इंजिन बंद, अशी रचना असते. काढल्यावर स्पार्क आला तर कॉइल चांगली आहे आणि ती वायर किंवा एखादा स्विच शॉर्ट आहे. ही फक्त चाचणी. वायर काढून ठेवली तर चालू इंजिन किल्लीने बंद होणार नाही. तरीही स्पार्क नाही, तेव्हा कॉइल आणि फ्लायव्हीलमधले अंतर मोजा : साधारण ०.०१० इंच, जाड व्हिजिटिंग कार्डाइतके.

प्रश्न : किल्ली फिरवली तरी टक्सुद्धा नाही. सीटचा स्विच कायमचा जोडून टाकला तर?

बहुधा दोष त्याचा नसतोच. बऱ्याच यंत्रांत सीटचा स्विच सुरू होण्याच्या वाटेत नसतो. पाती चालू असताना उठलात तर तो इंजिन बंद करतो. आधी फ्यूज, मग ब्रेक पेडलचा स्विच (पेडल पूर्ण दाबलेले हवे), मग पात्यांचा स्विच. सीटचा तर कायमचा मुळीच जोडू नका, पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो.

प्रश्न : पंधरा-वीस मिनिटे चालून बंद पडतो, थोड्या वेळाने काही न करता परत सुरू करता येतो. ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि पातळीही वाढली आहे. दोन्हींचा संबंध आहे का?

नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडेल तेव्हा लगेच टाकीचे झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सुरू झाले, तर झाकणाचे हवेचे भोक तुंबले आहे. झाकणाने फरक पडला नाही तर त्याच क्षणी स्पार्क तपासा. तापल्यावर दगा देणारी कॉइल थंड झाली की निर्दोष दिसते.

ऑइलचे मात्र ताबडतोब पाहा. कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही आणि यंत्र उभे असताना पेट्रोल सिलिंडरमधून खाली झिरपते. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साठले असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून किल्लीला हात लावू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा, नसेल तर नळीला चिमटा लावा. नीडल व तिची बैठक बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, प्लग काढून सेल्फ मारून उरलेले पेट्रोल बाहेर जाऊ द्या (आसपास ठिणगी नको, प्लगची वायर धातूला लावलेली हवी), आणि प्लग लावण्याआधी थोडा वेळ हवा लागू द्या.