आधी शिफ्ट की आधी एमबीए?

प्रश्न: मी टेक्स्टाईल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे मिलमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर व्हायचंय. घरचे म्हणतात आधी एमबीए कर, त्या आवाजात आणि कापसाच्या धुळीत कशाला जातेस. काय करू?

उत्तर: माझं ऐकशील तर आधी शिफ्ट कर, निदान दोन-तीन वर्षं, आणि रात्रपाळी तर अजिबात चुकवू नकोस. एमबीए नंतरही होतं गं, पण नवीन असताना कुणालाही काहीही विचारता येतं, तेच एकदा केबिनमध्ये बसलं की विचारायला जीभ रेटत नाही.

माझंच सांगते. लूम शेडला, म्हणजे मागांच्या खात्यात, नवी होते, एका रात्री ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे सारखे तुटायला लागले, एफिशियन्सी धडाधड खाली, आणि मी आपली कधी टेन्शन कमी कर, कधी स्पीड कमी कर. शेवटी एका जुन्या विणकर काकांनी ताण्यावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, सूत कोरडं पडलंय, खळ झडतीये." खळ म्हणजे धागा मजबूत राहावा म्हणून ताण्याला लावतात तो लेप. लूमखाली त्याचीच पांढरी भुकटी साचली होती, दोन तास माझ्या पायाशीच होती ती. हवेत ओलावा सोडणाऱ्या ह्युमिडिफिकेशनचे नोझल चोक झालेले. कॉटनला लूम शेडमध्ये साधारण 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते हे मी परीक्षेत लिहून आले होते, पण कळलं त्या रात्री.

स्पिनिंग, विव्हिंग, प्रोसेसिंग यातलं एक पक्कं धर, पण आपल्या आधीच्या आणि पुढच्या खात्यात जाऊन बसत जा. रंगवलेल्या कापडावर पट्टे आले की सगळे डाईंगवाल्यांवर तुटून पडतात, आणि कधी कधी मूळ निघतं पार मिक्सिंगमध्ये, वेगळ्या मायक्रोनेअरचा, म्हणजे तंतूच्या वेगळ्या जाडीचा, कापूस नीट मिसळलेला नसतो. हे माहीत नसलेला मॅनेजर भलत्याच माणसाला झापतो आणि मग त्याला कुणी खरं सांगत नाही.

आणि हो, हिशेब आत्तापासूनच शिक. कॉटनच्या सुताच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा कापसाचाच असतो, म्हणून ब्लो रूम, कार्डिंगमध्ये, म्हणजे कापूस मोकळा आणि साफ करताना, वेस्ट एक टक्का जरी वाढलं तरी वर्षाला किती पैसे जातात ते स्वतः मांडून बघ.

इंटरव्ह्यूला गेलीस की विचार, ट्रेनीला कुठल्या खात्यात किती महिने ठेवता. थेट प्लॅनिंग ऑफिसात बसवणार असतील तर ती नोकरी मी तरी घेणार नाही.