राजस्थानातलं फलोदी एवढं का तापतं?
थरच्या वाळवंटात आहे म्हणून, पण खरी मेख कोरडेपणात आहे. जमिनीत ओल असती तर उन्हाची बरीच शक्ती पाण्याची वाफ करण्यात गेली असती; इथे ती थेट वाळू आणि हवा तापवते. समुद्रही लांब, वर पश्चिमेकडून लू (उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा) वाहते. हवामान खात्याने १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश सेल्सिअस नोंदवले. राजस्थानातल्याच अलवरचा १९५६ मधला ५०.६ चा देशातला उच्चांक त्याने मोडला. (हे सावलीतल्या हवेचं तापमान, उघडी वाळू याहून कितीतरी जास्त पोळते.) मात्र बारमाही भट्टी समजू नका: कोरडी, निरभ्र हवा रात्री उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे जानेवारीत पहाटे चांगलीच हुडहुडी भरते.