स्वतःची भाषा बनवतोय, पण चालवू कशावर?

प्रश्न : नमस्कार सर, मी एक छोटी फंक्शनल भाषा बनवतोय. पार्सर झालाय, ट्री-वॉकिंग इंटरप्रिटर (प्रोग्रामचं झाड फिरत फिरत तो चालवणारा) पण चालतो पण फारच स्लो आहे. एक मित्र म्हणतो जेव्हीएमवर (जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर) ने, गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) आयता मिळेल, दुसरा म्हणतो एलएलव्हीएम घे. माझ्या भाषेत लूप नाहीतच, सगळं रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावून, होतं. जेव्हीएमवर नेली तर काय अडेल? आणि बाइटकोड (जेव्हीएमला समजणारा कोड) हाताने लिहावा लागतो का?

उत्तर : "लूप नाहीतच" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण सगळं घोडं तिथेच अडणार आहे, म्हणून आधी तेच बघू.

जेव्हीएम टेल कॉल काढून टाकत नाही. फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्या फंक्शनला बोलावणं एवढंच असलं तरी दर कॉलला स्टॅकवर (चालू कॉल्सची नोंद ठेवणाऱ्या मेमरीत) नवीन फ्रेम चढते, आणि तुमच्या भाषेत कोणी दहा लाख वेळा फिरणारं काही लिहिलं की स्टॅकओव्हरफ्लोएरर ठरलेला. तिथे आधी आलेल्या भाषांनी यावर तोडगे काढलेत ते बघून ठेवा. स्कालाचा कंपायलर फंक्शन शेवटी स्वतःलाच बोलावत असेल तर त्याचा लूप करून टाकतो, आणि वर टेलरेक हे अ‍ॅनोटेशन लावलं तर जिथे तसं जमत नाही तिथे सरळ एरर देतो. क्लोजरने त्यासाठी रिकर असा वेगळा शब्दच ठेवलाय, म्हणजे लिहिणाऱ्याला नक्की कळतं की इथे स्टॅक वाढणार नाहीये. मला क्लोजरचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

स्वतःला बोलावणारा टेल कॉल तुम्हालाही सहज जमेल, नवीन आर्ग्युमेंट्स त्याच लोकल व्हेरिएबलमध्ये टाकायची आणि गोटूने फंक्शनच्या सुरुवातीला उडी. फक्त एक सांभाळा, आधी सगळी नवीन आर्ग्युमेंट्स काढून घ्या आणि मगच साठवा. फिबो(क, अ, ब) या फंक्शनच्या शेवटी फिबो(क-१, ब, अ+ब) असा कॉल असेल आणि तुम्ही एकेक करून साठवत गेलात तर अ मध्ये ब जाऊन बसतो आणि पुढचं अ+ब हे ब+ब होतं, उत्तर चुकतं पण एरर काहीच येत नाही, त्यामुळे असला बग शोधताना जीव जातो. दोन फंक्शन एकमेकांना बोलावत असतील तर मात्र ट्रॅम्पोलिन लागतं, म्हणजे फंक्शनने पुढचा कॉल स्वतः न करता "आता हे चालवा" असा ऑब्जेक्ट परत द्यायचा आणि बाहेरचा एक लूप ते चालवत राहतो. चालतं, पण बरेचदा दर उडीला एक ऑब्जेक्ट तयार होतो आणि स्टॅक ट्रेस (एरर आली की दिसणारी, कोणी कोणाला बोलावलं याची यादी) वाचण्यासारखा राहत नाही.

एलएलव्हीएम हा प्रकारच वेगळा आहे. तो तुम्हाला मशीन कोड बनवून देतो, पण गार्बेज कलेक्टर तुमचा तुम्हालाच आणावा लागतो, आणि चांगला कलेक्टर लिहिणं हे भाषा लिहिण्याइतकंच मोठं काम आहे. पहिल्याच भाषेसाठी मी नाही म्हणेन.

रिकर्शन हाच जर तुमच्या भाषेचा जीव असेल तर एर्लांग या भाषेचं व्हर्च्युअल मशीन, बीम, बघाच. तिथे सर्व्हर प्रोसेस म्हणजे स्वतःला कायम बोलावत राहणारं फंक्शन, त्यामुळे टेल कॉल तिथे नीट चालतातच. एलिक्सिर आणि ग्लीम या दोन्ही भाषा बीमवर चालतात, आणि दोघींपैकी कोणीच थेट बीमचा बाइटकोड लिहीत बसत नाही. एलिक्सिर एर्लांगचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॉरमॅट (प्रोग्रामचं झाडरूप) तयार करते, ग्लीम एर्लांगचा सोर्स, पुढचं एर्लांगचा कंपायलर बघतो. जड आकडेमोड हा मात्र बीमचा प्रांत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या इंटरमीडिएट कोडमध्येही (त्यांचा बाइटकोड) टेल कॉलसाठी खास प्रिफिक्स आहे आणि एफ शार्प ही भाषा तो वापरते.

तरीही जेव्हीएमच हवं असेल, लायब्रऱ्यांसाठी बरेच जण तिथेच जातात, तर हाताने बाइट्स लिहू नका. बाइटकोड बनवून देणारी एएसएम ही लायब्ररी वर्षानुवर्षं वापरात आहे, आणि जावा २४ पासून जेडीकेमध्येच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये) त्यासाठी क्लास-फाइल एपीआय आलाय. बाइटकोड चालवण्याआधी तपासणाऱ्या व्हेरिफायरला लागणारे स्टॅक मॅप (कुठे कोणत्या टाइपची व्हॅल्यू आहे याची टिपणं) हाताने काढायला गेलात तर वैतागाल, ते लायब्ररीकडूनच करून घ्या. एका मेथडचा बाइटकोड ६५,५३५ बाइट्सच्या वर जाऊ शकत नाही, हेही डोक्यात ठेवा, मोठे पॅटर्न मॅच एकाच मेथडमध्ये कोंबले की ही मर्यादा अचानक आडवी येते. आणि लाइन नंबरचं टेबल पहिल्या दिवसापासून भरा हो! एरर तुमच्या भाषेच्या कितव्या ओळीत आली हे दिसत नसेल तर ती भाषा दुसरं कोणी वापरणार नाही.

आणि एक, तुमच्याकडे ट्री-वॉकिंग इंटरप्रिटर तयारच आहे ना, मग बाइटकोडच्या आधी ग्रालव्हीएमचं ट्रफल हे भाषा बनवायचं फ्रेमवर्क बघा. त्यात तुम्ही इंटरप्रिटरच लिहिता, त्यांच्या पद्धतीने नोड्स बांधून, आणि जास्त चालणाऱ्या भागाचा मशीन कोड ते स्वतः काढतं. ट्रफलरुबी याच मार्गाने बनलीय. टेल कॉलचा प्रश्न तिथेही आपोआप सुटत नाही, पण "फारच स्लो" हे दुखणं बरंच कमी होईल.

प्रश्न : माझी भाषा जेव्हीएमवर आहे, स्ट्रिंग जावाचीच वापरते. "नमस्ते"ची लांबी ६ येते. माझा बग आहे का?

उत्तर : तुमचा बग नाही, हा प्लॅटफॉर्मसोबत आलेला वारसा आहे. जावाची स्ट्रिंग लांबी यूटीएफ-१६ च्या (१६-१६ बिटांच्या) युनिट्समध्ये मोजते, त्यामुळे न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा असे सहा होतात, वाचणाऱ्याला मात्र न, म, स्ते अशी तीनच अक्षरं दिसतात. बऱ्याचशा इमोजींमध्ये तर एकच चिन्ह दोन युनिट्स खातं. आतली स्ट्रिंग बदलू नका, नाहीतर जावाच्या प्रत्येक लायब्ररीला बोलावताना रूपांतर करत बसाल. तुमच्या भाषेत नुसतं "लांबी" असं फंक्शन न ठेवता युनिट्स मोजणारं एक आणि दिसणारी अक्षरं मोजणारं एक अशी दोन वेगळ्या नावांची ठेवा, दुसऱ्यासाठी जावाचाच ब्रेकइटरेटर हा मजकूर अक्षरांमध्ये तोडणारा क्लास वापरून बघा आणि जोडाक्षरांवर त्याची टेस्ट आधी लिहा.