मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी आपल्याकडच्या इमारती तयार किट न आणता कशा बनवाव्यात?

आपण लिहिले आहे की, आपल्याकडे एचओ प्रमाणातली (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाची) गाडी आहे, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर रूळ टाकून झाले आहेत आणि चाळीसगाव–धुळे मार्गावर दिसते तसे एक लहान स्टेशन व त्याभोवतीची वस्ती उभी करायची आहे. परंतु बाजारात मिळणारी किट जर्मन किंवा इंग्रजी खेड्यांची असल्यामुळे इमारती स्वतःच बनवाव्या लागणार, तेव्हा पुठ्ठा घ्यावा, सनबोर्ड (फोमसारखा हलका प्लास्टिकचा बोर्ड) घ्यावा की स्टायरीनची, म्हणजे पातळ कडक प्लास्टिकची, महागडी शीट मागवावी, असा आपला प्रश्न आहे. मी भुसावळला राहतो, बांधकामाचे नकाशे काढणे हा माझा व्यवसाय आहे आणि घरच्या मांडणीवरच्या सगळ्या इमारती मी हातानेच केल्या आहेत. माझ्या मते मालाची निवड ही नंतरची गोष्ट आहे. आधी माप पक्के करावे. माप बरोबर असेल तर वह्यांच्या पुठ्ठ्याची इमारतही खरी वाटते आणि माप चुकले तर उत्तमातल्या उत्तम स्टायरीनचेही खेळणेच होते.

किटला नुसता आपल्याकडचा रंग देऊन काम भागेल का, असा विचार पुष्कळ जण करतात. ते भागत नाही. त्या घरांची छपरे बर्फ घसरून जावा म्हणून उभी चढलेली असतात, भिंती पातळ आणि खिडक्या मोठ्या असतात. खान्देशातले जुने घर धाब्याचे, म्हणजे वरून सपाट. आणि ब्रिटिश काळातले स्टेशन काळ्या दगडाच्या जाड भिंतींचे, खोल खिडक्यांचे व पुढे पडवी काढलेले. हा फरक रंगाने झाकला जात नाही.

आता प्रमाण. एचओ म्हणजे १:८७, खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. इंग्रजी बनावटीच्या बऱ्याच गाड्या ओओ प्रमाणातल्या, म्हणजे १:७६ च्या असतात आणि त्यात एक फूट चार मिलिमीटरचा होतो. मात्र दोन्ही गाड्या १६.५ मिलिमीटर रुंदीच्या (दोन रुळांतले अंतर) एकाच रुळावर धावतात, म्हणून घोटाळा होतो. गाडीच्या खोक्यावर काय छापले आहे ते एकदा पाहून घ्यावे. सात फुटांचा दरवाजा एकात साडेचोवीस आणि दुसऱ्यात अठ्ठावीस मिलिमीटरचा येतो, आणि हा फरक फलाटावर माणूस उभा केला की लगेच डोळ्यांत भरतो. मॉडेलच्या रुळावरून इमारतीचे माप कधीही काढू नये, कारण आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे आणि एचओत ती १९.३ मिलिमीटर व्हायला हवी, १६.५ चा रूळ हा मुळात युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचा आहे. याउलट आपली पाचोरा–जामनेर ही अरुंद मार्गाची गाडी, म्हणजे पीजे, ७६२ मिलिमीटरची होती आणि ८७ ने भागले तर ८.८ येतात, त्यामुळे एन या आणखी लहान प्रमाणासाठी विकला जाणारा नऊ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ तंतोतंत बसतो. पुढे कधी दुसरी मांडणी करायची झाली तर हे ध्यानात असू द्यावे.

आपला आठ फुटांचा प्लाय म्हणजे प्रत्यक्षातली सुमारे २१२ मीटर जागा. चोवीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते, म्हणून भुसावळ किंवा जळगावसारखे स्टेशन त्यात मावणार नाही. आपण लहान स्टेशन निवडले हे योग्यच केले. फलाटाची लांबी निम्म्याहून कमी करायला हरकत नाही. इमारतीत मात्र दारे, खिडक्या, जोते आणि छपराची उंची खऱ्या मापाची ठेवावी आणि लांबी कमी करायचीच असेल तर एक आख्खी खोली वगळावी. सगळेच थोडे थोडे आखडून घेतलेली इमारत विचित्र दिसते.

मोजायला जाताना स्टेशन मास्तरांना हेतू सांगून परवानगी घ्यावी आणि रुळांत उतरू नये. उतरावे लागतही नाही. एक मीटर लांबीच्या काठीवर दर दहा सेंटिमीटरला आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्यावा, ती भिंतीला टेकवून उभी करावी आणि अगदी समोरून, जितके दूर जाता येईल तितके जाऊन, झूम करून फोटो घ्यावा. जवळून घेतलेल्या फोटोत उभ्या-आडव्या रेषा तिरक्या होतात आणि मापे फसवी निघतात. उंचीसाठी दगडांचा एक थर टेपने मोजून थर मोजत वर जावे. लांबीसाठी समोरच्या रुळाखालचे काँक्रीटचे स्लीपर मोजावेत. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर पडते. इमारतीच्या दोन टोकांमध्ये वीस अंतरे भरली तर ती बारा मीटरची समजावी. लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनात बाजूला काढलेल्या मार्गावर, स्लीपर थोडे विरळ, सुमारे ६५ सेंटिमीटरवर असू शकतात, म्हणून फलाटावरचे एखादे अंतर टेपने ताडून पाहावे. छपराचा फोटो पादचारी पुलावरून चांगला मिळतो आणि तो विसरू नये, कारण मांडणी आपण नेहमी वरूनच पाहणार असतो. फोटोसाठी सकाळची वेळ धरावी. दुपारच्या उन्हात दगडाचे सांधे दिसत नाहीत आणि पडवीखाली नुसता काळोख येतो.

या मापांवरून चारही बाजूंचे नकाशे १:८७ ला काढून छापावेत, ते खोक्याच्या पातळ पुठ्ठ्यावर चिकटवून अर्ध्या तासात कच्ची इमारत जोडावी आणि ती काही दिवस मांडणीवर तशीच ठेवावी. गाडी पडवीला घासते का, सिग्नल केबिन इमारतीमागे लपते का, हे कागदावर कळत नाही.

मालाबद्दल आता थोडक्यात सांगतो. फोटोफ्रेमवाल्यांकडे मिळणारा दीड-दोन मिलिमीटरचा माउंट बोर्ड मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो स्वच्छ कापला जातो, फेव्हिकॉलने पक्का बसतो आणि जळगाव-धुळ्यात सहज मिळतो. सनबोर्ड फलाट आणि जोत्यासाठी चांगला. स्टायरीन फक्त चौकटी आणि जिन्यांसारख्या बारीक कामाला ठेवावे. हत्यारे म्हणजे कटर, स्टीलची पट्टी, गुण्या आणि भरपूर पाती. एकाच जोराच्या ओढीत कापण्यापेक्षा चार-पाच हलक्या ओढींत कापावे आणि पाते बोथट झाल्याची शंका येताच बदलावे.

भिंतीची जाडी ही इमारत खरी वाटण्याची मुख्य खूण आहे. दगडी भिंत दीड फुटाची असते, म्हणजे एचओत पाच मिलिमीटरहून थोडी जास्त. एकाच पुठ्ठ्याची भिंत केली तर खिडकी कागदावर चितारल्यासारखी दिसते. म्हणून दोन किंवा तीन थर एकमेकांवर चिकटवून, खिडकी आतल्या थरात बसवावी. कोपऱ्यांवर थर ४५ अंशांत कापण्याची गरज नाही, एकावर एक घेऊन सांधा घासावा.

दगडासाठी वॉल पुट्टीत थोडे फेव्हिकॉल आणि पाणी घालून भिंतीवर अर्ध्या मिलिमीटरचा थर द्यावा आणि तो ओला नाही पण नखाने दबतो अशा अवस्थेत कंपासच्या टोकाने सांधे ओढावेत. थराची उंची नऊ इंच असेल तर दोन आडव्या रेषांत २.६ मिलिमीटर येतात. आडव्या रेषा पट्टीने ओढाव्यात, उभ्या रेषा मात्र हातानेच, कमी-जास्त अंतरावर ओढाव्यात, आणि एका थरातला सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ देऊ नये. कोपऱ्याचे आणि खिडकीभोवतीचे दगड मोठे व घडीव असतात, ते आधी आखून घ्यावेत. रंग काळा देऊ नये. आपला बसाल्ट निळसर राखाडी असतो, त्यात काही दगड तपकिरी झाक मारतात. पातळ राखाडी रंग सर्वत्र देऊन, सुकल्यावर चार-दोन दगड वेगळ्या छटेने रंगवावेत आणि शेवटी सांध्यांत फिकट चुन्याचा रंग सोडून वरचा पुसून घ्यावा, की सांधे चुन्याने भरल्यासारखे दिसतात. खिडकीचे गज पंख्याच्या वाइंडिंगच्या ३६ नंबरच्या तारेचे करावेत, ती ०.१९ मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्या मापात सोळा-सतरा मिलिमीटरचा गज. वाइंडिंगच्या दुकानात तिचे तुकडे फुकट मिळतात. काचेसाठी पारदर्शक ओएचपी शीट वापरावी आणि ती फेव्हिकॉलनेच लावावी. फेव्हिक्विकच्या वाफेने ती पांढरी पडते.

सर्वांत जास्त वेळ छपरावर घालवावा. मंगलोरी कौल सुमारे ४१ सेंटिमीटर लांब असते, पण एकावर एक चढल्यामुळे त्याचा सुमारे ३२ सेंटिमीटरच भाग उघडा राहतो, म्हणजे एचओत ३.७ मिलिमीटर; रुंदीला एक कौल साधारण २.४ मिलिमीटर झाकते. जाड ड्रॉइंग कागदाच्या पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात आणि त्या मऊ रबरी मॅटवर ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने दर २.४ मिलिमीटरला एक ठळक रेघ व दोन रेघांच्या मध्ये दोन हलके दाब द्यावेत. मंगलोरी कौलावरच्या दोन पन्हळी त्यातून दिसतात. मग पट्टीच्या खालच्या कडेवर प्रत्येक ठळक रेघेशी कटरचे टोक टेकवून केसाएवढी खाच पाडावी. वळचणीपासून सुरुवात करून, छपरावर ३.७ मिलिमीटरने आखलेल्या रेघांवर एकेक पट्टी चढवत आढ्यापर्यंत जावे. बारा मीटरच्या छपराला एका ओळीत सत्तावन्न-अठ्ठावन्न कौले येतात. काम कंटाळवाणे आहे, पण रेडिओ लावून बसले की होते. वळचणीच्या पहिल्या पट्टीखाली कागदाची एक अरुंद चीप द्यावी, नाहीतर पहिलीच ओळ खाली झुकते. आढ्यावरची कौले चुन्यात बसवलेली असतात, तिथे फिकट रेघ हवी. सगळे छप्पर एकाच लाल रंगात कधीही रंगवू नये: जुनी कौले पावसाने काळवंडलेली, आणि मध्येच माकडांनी फोडल्यामुळे बदललेली चार-पाच कौले नव्या लाल रंगाची, असे ते खरे असते.

पडवी, मालधक्का किंवा शेजारी जिनिंग कारखाना करायचा असेल तर नालीदार पत्रा लागेल. खऱ्या पत्र्याच्या दोन नाळ्यांत तीन इंचांचे अंतर असते, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ०.९ मिलिमीटर. २० नंबरची वाइंडिंगची तार नेमकी तेवढ्याच जाडीची असते. तिचे सरळ केलेले तुकडे फळीवर एकमेकांना खेटून चिकटवावेत, त्यावर पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तुकडा ठेवून दाताच्या काडीने प्रत्येक खाचेतून घासावे. अखंड छपराएवढा पत्रा करू नये. नऊ मिलिमीटर रुंद आणि अठ्ठावीस मिलिमीटर लांब, म्हणजे आठ फुटी पत्र्याच्या मापाचे तुकडे कापून एकमेकांवर एक नाळी चढवत लावावेत आणि गंज खिळ्यांच्या ओळीपासून खाली ओघळलेला दाखवावा.

धाब्याची घरे यापेक्षा पुष्कळ सोपी. भिंतीला पुट्टीऐवजी वस्त्रगाळ केलेली पांढरी माती फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून लावावी, वर सपाट धाबे, कडेने जरा उंच काठ, भिंतीतून बाहेर आलेली लाकडाची टोके आणि पाणी जायला पन्हळी एवढे पुरे. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकतात, त्यामुळे वरचा रंग भिंतीपेक्षा फिकट ठेवावा. आजूबाजूला खडीक्रशरची कच वापरणार असाल तर ती आधी पसरून वरून चुंबक दोन-तीनदा फिरवावे. आपल्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि ते कण इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

आपल्या हवेचा विचार न करता परदेशी पद्धत उचलली तर इमारती टिकत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जुलैत हवा दमट होते, त्यामुळे पुठ्ठा दर वर्षी आकसतो आणि फुगतो. भिंतीची आतली-बाहेरची अशा दोन्ही बाजू लाखेच्या पॉलिशने बंद कराव्यात, आत दर सहा-सात सेंटिमीटरवर आडव्या भिंती घालाव्यात, आणि एका बाजूला कागद चिकटवला की दुसऱ्या बाजूलाही चिकटवावा. हॉट ग्लू पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात सैल पडतो, तो वापरू नये. सनबोर्डचा फलाट एक मीटर लांब असेल तर थंडी आणि उन्हाळ्यात त्याच्या लांबीत दोन मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून तो दोन-तीन तुकड्यांत करून सांध्यात बारीक फट सोडावी. त्याची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजावी: उंच फलाट प्रत्यक्षात ७६० ते ८४० मिलिमीटरचा, एचओत पावणेनऊ ते पावणेदहा मिलिमीटरचा होतो.

दिवे लावायचे असतील तर रंगाआधी भिंती आतून काळ्या कराव्यात, नाहीतर पुठ्ठ्यातून उजेड पाझरतो. १२ व्होल्टवर एका पिवळसर एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. छप्पर चिकटवू नये, नुसते बसते ठेवावे, म्हणजे दिवा बदलता येतो. आणि इमारत प्लायवर नुसती ठेवू नका. जोते तीन मिलिमीटर जास्त खोल करून ते मातीच्या थरात उतरवा, म्हणजे भिंतीखाली सावलीची फट राहत नाही.