घरामागच्या जागेत पहिल्यांदाच भाजीपाला लावायचा आहे. पावसाळ्यात सुरुवात कशी करावी?

साताऱ्याजवळ तुम्ही नुकतेच घर बांधले आहे, मागे साधारण 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद जागा मोकळी आहे, माती काळी आहे आणि येत्या जूनपासून तिथे चार माणसांच्या घरापुरती भाजी लावायची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. याआधी कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलेले नाही, म्हणून कोणत्या भाज्या घ्याव्यात आणि कशा लावाव्यात, हा तुमचा प्रश्न आहे. मी याच भागात बऱ्याच वर्षांपासून परसबाग करत आलो आहे आणि त्या आधारावर माझे पहिले सांगणे असे की, पहिल्या हंगामात ही सगळी 300 चौरस फूट जागा लागवडीखाली आणू नका. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असे दोन वाफे आणि कडेला वेलींसाठी एक मांडव, एवढ्यावर थांबा. जुलैमध्ये झड लागली की आठवडाभर वाफ्यात पाय ठेवता येत नाही आणि तेवढ्यात हराळी व लव्हाळा सगळीकडे पसरतो. नवख्या माणसाचा उत्साह बहुतेक वेळा या तणापुढेच संपतो, भाजीच्या अडचणींपुढे नव्हे. दोन वाफे मात्र सकाळच्या अर्ध्या तासात हाताने स्वच्छ ठेवता येतात.

घर नवीन असल्याने मागच्या जागेत बांधकामाचा राडारोडा नक्की पडलेला असणार. विटांचे तुकडे फारसे बाधत नाहीत, पण सिमेंट आणि चुना मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप) वाढवतात आणि आपल्याकडची काळी माती मुळातच चुनखडीकडे झुकणारी असते. म्हणून मे महिन्यात जागा फूटभर खोल खणा, सिमेंटचे गोळे आणि प्लास्टरचे थर वेचून बाहेर टाका, आणि ढेकळे उन्हात तापू द्या. पहिल्या वळवाच्या पावसात ती आपोआप फुटतात, फोडत बसावे लागत नाही.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पाण्याचा निचरा. काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तो तिचा गुण असतो, पण सलग पावसात मातीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. पाने पिवळी दिसली की लोक खत कमी पडले असे समजून युरिया टाकतात, आणि मुळेच काम करत नसल्याने तो उपयोगी न पडता पाण्याबरोबर वाहून जातो. यावरचा उपाय सपाट जागेत न लावता गादीवाफे करण्याचा आहे. वाफा जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच घ्या, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडा, आणि त्या वाटेला एका बाजूला किंचित उतार द्या म्हणजे पाणी तिथूनच बाहेर निघेल. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. वाफ्यावर एकदा पाय पडला की काळी माती दबून घट्ट होते आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक वाफ्यात दोन ते तीन घमेली शेणखत मिसळा, पण ते पूर्ण कुजलेले हवे: हाताला भुसभुशीत लागणारे, वास नसलेले, काळसर. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि त्या मुळे खाऊन चांगली वाढलेली झाडे अचानक वाळवतात. खत विकत घेताना पोत्यात हात घालून पाहण्याचा संकोच करू नका.

सूर्याचा विचार लोक लावल्यानंतर करतात, तो आधी करावा. फळभाज्यांना दिवसाला किमान सहा तास ऊन लागते. सातारा साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनच्या शेवटी दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच असतो, पण डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे इतका खाली जातो की बारा फूट उंच घराची सावली भर दुपारीही दहा फूट लांब पडते. तुमची मोकळी जागा घराच्या उत्तरेला असेल, तर पावसाळ्यात भरपूर ऊन मिळणारा वाफा हिवाळ्यात दिवसभर सावलीत जाईल, म्हणून वाफे भिंतीपासून दूर घ्या. याच कारणाने वेलींचा मांडव जागेच्या उत्तर टोकाला उभारा, म्हणजे त्याची सावली वाफ्यांवर पडणार नाही.

आता भाज्या. जूनमध्ये थेट बी टोकून येणाऱ्या भाज्या घ्या: एका वाफ्यात भेंडी, दुसऱ्यात अर्धी चवळी आणि अर्धा माठ किंवा अंबाडी, मांडवावर एक दुधी आणि दोन दोडके. बादलीचे किंवा मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळूचे दोन कंद पुरून टाका, त्याकडे नंतर बघावेही लागत नाही. गवार साताऱ्याच्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावांत छान येते, पण तुमच्याकडे पाऊस जास्त असेल तर पहिल्या वर्षी तिचा नाद करू नका.

पेरणीची तारीख दिनदर्शिकेत शोधू नका. मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी चिखलात बी घालायचे नसते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, थांबायचे असते. मूठभर माती घेऊन गोळा करा आणि तो कमरेच्या उंचीवरून सोडा: पडून फुटला तर वाफसा आला, तसाच चपटा होऊन राहिला किंवा माती हाताला चिकटली तर आणखी एक-दोन दिवस वाट पाहा.

भेंडीच्या दोन ओळी दीड फूट अंतराने घ्या आणि ओळीत फुटाफुटावर दोन-दोन बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टाका. आठवड्याभरात उगवण होते. मग प्रत्येक ठिकाणी जोमदार रोप ठेवून दुसरे कात्रीने कापा, उपटू नका, कारण उपटताना शेजारच्याची मुळे हलतात. विरळणी करताना नवख्यांचा जीव कासावीस होतो, पण ती केलीच पाहिजे. दहा फुटांच्या वाफ्यात अशी वीस झाडे बसतात, आणि भर हंगामात एक दिवसाआड एका वेळच्या भाजीपुरती भेंडी त्यांतून मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी क्रांती किंवा बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का अनामिका यांपैकी जो वाण मिळेल तो घ्या. दोन्ही केवड्याला बऱ्यापैकी तोंड देतात. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडून पुढे सगळे पान आणि भेंडीही पिवळी होणारा विषाणूजन्य रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही, म्हणून असे झाड दिसताच ते काढून टाकणे हाच मार्ग आहे.

साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आसपास भेंडीला पहिले फूल येते. फिकट पिवळ्या पाकळ्या, आत गडद जांभळट तांबडा गाभा, सकाळी उमललेले आणि संध्याकाळपर्यंत मिटलेले असे ते फूल असते. तिथून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते. शेंड्याचे टोक बोटाने मोडून पाहा: चट्कन तुटले तर कोवळी, नुसते वाकले तर जून. जून झालेली भेंडीसुद्धा झाडावर ठेवू नका, कारण बी तयार होऊ लागले की झाड नवीन फुले धरण्याचे काम मंद करते. चवळीचेही तसेच आहे, शेंगा वेळेवर तोडत राहिले की ती फुलत राहते.

वेलींच्या बाबतीत दरवर्षी मला एकच प्रश्न विचारला जातो: फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही, असे का? दुधी आणि दोडक्याला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि सुरुवातीला बहुतेक नर फुलेच येतात, ती गळणारच. मादी फूल ओळखणे सोपे आहे, पाकळ्यांच्या मागे बोटाच्या टोकाएवढा इवलासा दुधी किंवा दोडका आधीपासूनच असतो. तोही पिवळा पडून गळत असेल, तर परागीभवन होत नाही असे समजावे. काकडी, कारले आणि तांबड्या भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या येतात. दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुले मात्र संध्याकाळी उमलतात, आणि वस्तीत त्या वेळी कीटक कमी असतील किंवा पाऊस लागला असेल तर ती तशीच राहतात. अशा वेळी दिवेलागणीच्या सुमारास नुकते उमललेले नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने टेकवा. दोन-तीन दिवसांत मागचे फळ फुगू लागले की काम झाले. माझ्या मते पहिल्या हंगामातला हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे आणि घरात मुले असतील तर तो त्यांच्याकडेच सोपवावा.

फळ धरल्यावर फळमाशीची काळजी घ्या. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, तिथे डिंकाचा ठिपका दिसतो आणि फळ वाकडे होऊन आतून सडते. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधा, क्यू-ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या वासाचा) एक सापळा मांडवाला टांगा, आणि गळलेले फळ कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा. मावा आणि तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो: 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळून पाणी एक लिटर करा, चिमूटभर साबण विरघळवा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. निंबोळ्या जून-जुलैमध्ये झाडाखाली पडतात, तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवून ठेवा.

टोमॅटो, कोबी आणि फ्लॉवर जूनमध्ये लावण्याचा मोह टाळा, असे मी आग्रहाने सांगेन. सततच्या ओलाव्यात टोमॅटोवर करपा, म्हणजे पाने डागाळून वाळवणारा बुरशीजन्य रोग, येतो आणि पहिल्याच हंगामात नाउमेद होण्याची वेळ येते. मिरची आणि वांग्याची चार-चार रोपे जवळच्या रोपवाटिकेतून आणून वाफ्याच्या कडेला लावायला हरकत नाही. रोपे स्वतः करणे पुढच्या वर्षी शिका.

गणपती होऊन पाऊस ओसरू लागला की दुसरा टप्पा सुरू होतो. सप्टेंबरच्या शेवटी भेंडीचा वाफा रिकामा करून पुन्हा एक घमेले खत मिसळा आणि मेथी, पालक, मुळा ओळीने पेरा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते, म्हणून दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरा. कोथिंबिरीसाठी धणे हलकेच रगडून दोन डाळी करून पेरा. ऑक्टोबरच्या उन्हात ती सावकाश उगवते, तेव्हा वाफ्यावर ओले गोणपाट अंथरावे आणि कोंब दिसताच काढावे. टोमॅटोची रोपे याच सुमारास लावा.

बियाण्याबद्दल एक विनंती. पाकिटावर संकरित असे लिहिलेले बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, त्याची पुढची पिढी सारखी निघत नाही. पण चवळी साधे वाण असेल, तर ती बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे बी जसेच्या तसे राहते. सर्वांत निरोगी दोन झाडांवरच्या शेंगा न तोडता वाळू द्या, बी उन्हात खडखडीत वाळवा आणि राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच घरच्या वाणांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ओळखीच्या कुणाकडे घरचा वाल असेल तर त्याचे चार दाणे मागून मांडवाच्या एका खांबाशी लावा. जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, तेव्हा ऑगस्टमध्ये नुसता पाला दिसला म्हणून तो वेल उपटू नका.