चिठ्ठी व्हॅलरीची होती

तुम्ही विचारलंय, ‘व्ही फॉर वेन्डेटा’ या सिनेमात मुखवटा घालून हुकूमशाहीविरुद्ध लढणारा व्ही, इव्ही नावाच्या तरुणीला खोट्या तुरुंगात डांबून तिचा छळ करतो, तरी तो नायक कसा? आणि मूळ कॉमिक वाचावं का?

पहिल्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं चांगलंच वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

सिनेमा आम्ही घरी एकत्र पाहत होतो. इव्ही कोठडीतून चालत बाहेर येते आणि समोर व्हीचंच घर असतं, तिथे दादा म्हणाला, “बघ, कशी खमकी झाली! तुला पोहायला शिकवताना मीही हेच केलं होतं.” मी रिमोट घेऊन सिनेमा तिथेच थांबवला. लहानपणी त्याने मला खोल पाण्यात ढकललं होतं, भीती मोडावी म्हणून. मोडली कसली! नाकातोंडात पाणी गेलं आणि पुढे किती तरी दिवस मी पाण्याच्या जवळही फिरकले नाही. पोहायला शिकवलं ते आत्याने. ती छातीभर पाण्यात उभी राहायची, माझ्या पोटाखाली नुसता तळहात धरायची आणि तो कधी काढून घ्यायची ते मला कळायचंही नाही. पण घरात गोष्ट सांगितली जाते ती दादाच्या धक्क्याची. माझं पोहणं आजही त्याच्याच खात्यावर जमा आहे.

व्हीच्या बाबतीत प्रेक्षक हेच करतात. इव्हीला बळ कशाने आलं ते नीट पाहा. डोकं भादरल्याने नाही. (इव्ही झालेल्या नॅटली पोर्टमनचे केस कॅमेऱ्यासमोर खरोखर काढले होते, म्हणून तो प्रसंग इतका अंगावर येतो.) भिंतीतल्या भोकात तिला टॉयलेट पेपरवर लिहिलेली चिठ्ठी सापडते. लिहिणारी व्हॅलरी, एक अभिनेत्री. एका बाईवर प्रेम केलं म्हणून सरकारने तिला पकडून लार्कहिलच्या छावणीत मारलं. सगळं हिरावून घेतलं तरी आपला शेवटचा एक इंच त्यांना द्यायचा नाही, असं ती लिहिते आणि वाचणारा कोण हे ठाऊक नसताना त्याच्यावर माया करते. गोळी घालायची धमकी आल्यावरही इव्ही व्हीची माहिती द्यायला शांतपणे नकार देते ती या चिठ्ठीच्या जोरावर. आणि चिठ्ठी खरी आहे! लार्कहिलमध्ये शेजारच्या कोठडीतून ती व्हीला मिळाली होती, त्यालाही तिनेच तगवलं. मग समोर बसवून ती इव्हीच्या हातात द्यायला काय हरकत होती?

दादा म्हणतो, “नुसती वाचून विसरून गेली असती.” हे प्रत्येक छळणारा म्हणतो. हुकूमशहा सटलरही लोकांना घाबरवतो ते त्यांच्या भल्याच्या नावाखालीच. सटलर झालेला जॉन हर्ट १९८४ साली जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीवरच्या सिनेमात नायक विन्स्टन स्मिथ होता. तिथे छळ सोसून माणूस खमका होत नाही, पार मोडतो. मी दादाला तो सिनेमाही दाखवला. त्यावर तो काही बोलला नाही आणि आपलं मतही त्याने बदललं नाही.

तेव्हा नायक म्हणायचं तर बंडाचा म्हणा. इव्हीचा गुरू म्हणू नका, तो मान व्हॅलरीचा आहे.

एक मात्र मान्य करायला हवं, सिनेमा व्हीला अगदी मोकळं सोडत नाही. इव्ही त्याला सोडून निघून जाते आणि शेवटी पार्लमेंट उडवणारी, स्फोटकांनी भरलेली आगगाडी सोडायची की नाही हे तो तिच्यावर सोपवतो. तो स्वतः त्याच छावणीत होरपळलेला, कदाचित त्याला दुसरी रीतच माहीत नसेल.

कॉमिक जरूर वाचा. ॲलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी ते १९८२ पासून ब्रिटनमध्ये, पंतप्रधान थॅचरबाईंच्या काळात केलं. त्यातला व्ही उघडउघड अराजकवादी आहे. सिनेमात ते बरंच सौम्य केलंय आणि मूरने सिनेमावरून आपलं नावही काढायला लावलं. तिथली इव्ही सोळा वर्षांची आहे, त्यामुळे तुरुंगाचं प्रकरण वाचणं आणखी जड जातं. व्हॅलरीची चिठ्ठी मात्र जवळजवळ जशीच्या तशी आहे. माझी प्रत सध्या दादाकडे आहे. ती पानं वाचून त्याने माझ्याशी बोलावं, एवढंच माझं म्हणणं आहे.