सशाची गोष्ट सासूबाईंना कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सत्तरी तालुक्यातून लिहितेय. माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या, त्या आणि वाड्यावरच्या आणखी चौघी रात्री जेवणं आटोपली की आमच्या सोप्यावर अक्षरं गिरवायला बसतात. मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, पण पुढे वाचायला काय द्यायचं तेच कळेना. मुलीचं पहिलीचं पुस्तक दिलं तर म्हणाल्या हे भुरग्यांचं, आणि पेपर दिला तर दोन ओळीत दमतात. गोवा पूर्ण साक्षर झाला म्हणे, मग आम्ही कुठे बसतो त्यात?

उत्तर: आधी ते शेवटचं सांगते. ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनाला, ते जाहीर झालं खरं, पण सरकारी हिशेबात ९५ टक्के झाले की पूर्ण धरतात. म्हणजे शंभरातले पाच राहू शकतात आणि त्यातल्या पाचजणी तुझ्या सोप्यावर बसल्यात. आणि १५ वर्षांवरच्यांना लिहा-वाचायला शिकवायची ती सरकारी 'उल्लास' योजना २०२७ पर्यंत आहे, तेव्हा पंचायतीत जाऊन विचार, लाजू नकोस.

आता पुस्तकाच्याही आधी एक विचारते, सासूबाईंना चष्मा आहे का? दोन ओळीत दमतात म्हणतेस ना, म्हणून. आपल्याकडे त्या चष्म्याला नावच चाळिशी आहे, तरी अक्षरं फिरतात म्हटलं की आपण बाईच्या डोक्याला दोष देतो. डोळे तपासून घे, आणि तू लिहून देशील ते अक्षर चांगलं हरभऱ्याएवढं काढ, दोन ओळींत मोकळी जागा सोड.

भुरग्यांच्या पुस्तकाचं म्हणशील तर मी पण तेच केलंय. फोंड्याला वर्ग घ्यायचे तेव्हा नुस्तें, म्हणजे मासे, विकणाऱ्या एका बाईला मी सशाची चित्रवाली गोष्ट दिली, तिने चार पानं उलटली, हसली आणि म्हणाली, "बाय, म्हाका ससो कित्याक?" मग कमरेची पिशवी सोडून तिने घडी पडून पडून मऊ झालेली देवस्थानाची पावती काढली आणि हिच्यात माझं नाव खंय तें दाखय म्हणाली. पावती हाताने लिहिलेली, अक्षर कसलं, मुंग्या चालल्यासारखं, पण अर्धा तास आम्ही दोघी त्या एका चिटोऱ्यावर होतो. नाव सापडलं, गावाचं नाव सापडलं, 'रुपये' सापडलं. ससा गेला कपाटात तो गेलाच.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिलं पुस्तक विकत आणूच नकोस, ते सासूबाईंच्या तोंडून घे. आज काय झालं विचार आणि त्या बोलतील तसं चार ओळींत लिही. "आज काजू कमी पडले. माकडं आली. मी दगड मारला. माकडं पळाली नाहीत." बघ, एक जोडाक्षर नाही आणि अनोळखी शब्द पण नाही, शिवाय माकडं का पळाली नाहीत यावर बाकीच्या चौघी बोलतात ती दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कोंकणीत 'आयज' म्हणाल्या तर 'आयज'च लिही, सुधारायला जाऊ नकोस, लिपी तीच आहे. ब्राझीलच्या पावलो फ्रेरे या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये आंजिकोस गावात ३०० मजुरांना असंच त्यांच्या रोजच्या शब्दांवरून शिकवलं. त्याचा एक गाजलेला शब्द म्हणजे 'तिजोलो', म्हणजे पोर्तुगीजमध्ये वीट. आपल्याकडे पोर्तुगीज शिकलेल्या म्हाताऱ्यांना विचार, लगेच सांगतील. तुमच्याकडे वीट नको, काजू, माड, बाजार चालेल.

दुसरं म्हणजे जे पाठ आहे ते. आरती, भजनातले अभंग, धालोची, म्हणजे आपल्या बायकांच्या लोकनाचाची, गाणी. पण यात एक गोम आहे, पाठ असलं की बाई वाचत नाही, म्हणते, बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. मी ओळी कात्रीने कापून पट्ट्या करायचे, पाटावर विस्कटून टाकायचे आणि लाव म्हणायचे. तेव्हा खरं वाचावं लागतं. आणि 'र्‍य', 'र्व' असली अर्ध्या 'र'ची मंडळी येतील तेव्हा घाई करू नकोस, तिथे पदवीधर पण अडखळतात.

छापील हवंच असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची नवसाक्षरांसाठीची पुस्तकं आहेत, पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी कर. मोबाईलवर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ फुकट आहे, मराठी आणि कोंकणी दोन्ही, पातळीप्रमाणे लावलेलं, प्रिंट काढलेली चालते. आहेत ती मुलांचीच पुस्तकं, तेव्हा बोलणारे हत्ती सोड आणि झाडं, भाजी, पाऊस असलं काही निवड. नवसाक्षरांची म्हणून जी पुस्तकं मिळतात त्यातली बरीच उपदेशाची, दारू सोडा, हात धुवा. उभा जन्म रांधून वाढलेल्या बाईला हात धुवायला शिकवणं मला तरी जमत नाही.

आणि काजूचे दोन-तीन महिने वर्ग बंद पडला तर पडू दे, पावसात परत बसतील.

प्रश्न: घरकामाला येणारी बाई कन्नड बोलते, तिला वाचायला शिकवायचंय. मराठी शिकवू की कोंकणी? (मडगाव)

उत्तर: तिला विचारलंत का? बोलते त्या भाषेत वाचणं सगळ्यात सोपं जातं, आणि कन्नड गोष्टी पण स्टोरीवीव्हरवर आहेत. तुम्हाला कन्नड येत नसेल तर ओळखीचं कोणीतरी शोधा. पण ती म्हणाली की मुलाच्या शाळेची चिठ्ठी वाचायचीय, तर चिठ्ठी ज्या भाषेत येते ती शिकवा, मग ती इंग्रजी का असेना.

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, अक्षरं येतात, पण त्यांना पेपरच हवा, दुसरं काही नको. जड जातो आणि चिडतात. (डिचोली)

उत्तर: अग्रलेख ठेवा बाजूला, निधन वार्तांचं पान द्या. हसू नका. फोटो असतो, नाव असतं, गाव असतं, वय आकड्यात असतं, आणि वाक्यं रोज तीच, फक्त माणूस बदलतो. माझे मामा याच पानावर वाचायला शिकले, आणि पहिलं अख्खं वाक्य वाचून झालं तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "अरे, हा गेला? ह्याच्याकडून माझे पैसे येणं होते."